उतरायची वेळ आधी ठरवा

आमच्या कल्याणच्या घरी फ्रिजवर एक कागद अजून चिकटवलेला आहे. अब्बांच्या अक्षरातले ते वेळापत्रक. ‘बारी गाव, सुटणे ७.००. दुसरी शिडी १०.००. परत फिरणे १२.००. बारी गाव, पोहोचणे ४.००.’ अब्बांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली, त्यामुळे डोंगरावर पायी जायचे असले तरी त्यांच्या कागदावर ‘सुटणे’ आणि ‘पोहोचणे’ असेच शब्द येतात. त्या सगळ्या आकड्यांपैकी फक्त १२.०० या आकड्याभोवती लाल शाईचे वर्तुळ आहे.

हे वर्तुळ कसे आले, ते सांगण्यासाठी हा लेख. हल्ली आपल्या घरांतली मुले-मुली सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायला जातात, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक घरांत तयारी म्हणजे गाडी कोणाची, डबा काय आणि फोटो कोण काढणार, इथवरच असते. आमचीही तेवढीच होती. आम्ही तिघे भावंडे, आपा, मधला भाऊ आणि धाकटी, हे सगळे तिघांच्या वतीने लिहीत आहोत.

पहिली खेप

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर ते उभे आहे. चढाईची नेहमीची वाट अकोले तालुक्यातल्या बारी गावातून जाते. मुंबई-नाशिक महामार्गाने कसारा घाट चढून इगतपुरी, पुढे घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले की बारी येते. वाट मळलेली आहे, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, आणि लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे चढताना दिसतात. म्हणूनच आम्ही तिला सोपी समजलो.

गेल्या ऑगस्टच्या आधीच्या ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो. रविवार होता. सकाळी सातला कल्याणहून निघालो, रस्त्यात गर्दी, नाश्त्याला थांबा, आणि बारीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाऊस चालू होता. शिड्यांपाशी वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकले होते. एका शिडीखाली आम्ही तासभर भिजत उभे राहिलो. माथ्यावर पोहोचायला चार वाजले. धुक्यात हातभर अंतरावरचेही दिसत नव्हते. तरी वर पोहोचल्याच्या आनंदात अर्धा तास गेला.

परतीच्या वाटेवर अंधाराने गाठले. सहा माणसांत दोन मोबाईल चालू होते, त्यांच्या उजेडात आम्ही उतरत होतो. गावाचे दिवे दिसायला लागले होते, सगळे जरा सैल झाले होते, आणि तिथे ओल्या दगडावरून अम्मीचा पाय सरकला. तिने हात टेकला आणि मनगट मोडले. गावात पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. सहा आठवडे प्लास्टर होते. आजही तांदळाची भाकरी थापताना दोन-तीन भाकऱ्यांनंतर ती हात झटकते, आणि आम्ही मान खाली घालतो.

त्या रात्री गाडीत अब्बा एकच वाक्य बोलले होते. ‘घाट चढवणारा ड्रायव्हर नसतो, घाट उतरवणारा ड्रायव्हर असतो. हे मला ठाऊक होतं, आणि मी विसरलो.’

अम्मीच्या तीन अटी

पुढच्या वर्षी अब्बांनी पुन्हा विषय काढला. वय त्रेसष्ट, रक्तातली साखर गोळ्यांवर ताब्यात, गुडघे कुरकुरणारे. पण धुक्यामुळे वरून काहीच दिसले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. घरात दोन दिवस शांतता होती. मग अम्मीने मशवऱ्याला सगळ्यांना बसवले आणि तीन अटी घातल्या.

पहिली, पावसाळ्यात जायचे नाही. दुसरी, आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा. तिसरी, परत फिरायची वेळ इथे, घरात बसून ठरवायची; डोंगरावर त्या वेळेबद्दल कोणी तोंड उघडायचे नाही. ‘मी वर येणार नाही,’ ती म्हणाली. ‘मी गावात बसेन. पण तुमचा कागद माझ्या हातात पाहिजे.’

नंतर वाचनात आले, अनुभवी गिर्यारोहकही हेच करतात. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार आणि त्या वेळेपर्यंत परतलो नाही तर काय करायचे, हे खाली थांबणाऱ्या एका माणसाला लिहून देतात. अम्मीला हे कोणी शिकवले नव्हते. मोडलेल्या मनगटाने शिकवले.

उलटा हिशेब

आपण बहुतेक वेळा हिशेब सरळ करतो. सातला निघू, अकराला वर पोहोचू, जेवू, मग उतरू. अब्बांनी तो उलटा मांडायला लावला.

डिसेंबरचा दुसरा रविवार ठरला होता. त्या दिवसांत आमच्या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. मगरिबपूर्वी दोन तास हातात राखून ठेवायचे, म्हणजे चारला गावात. अब्बांच्या गुडघ्यांना उतरायला साडेतीन तास, आणि वाटेत नमाज व जेवणाला अर्धा तास. चार वाजल्यातून चार तास वजा केले की बारा. बारा वाजता जो जिथे असेल तिथून खाली. माथा दहा पावलांवर असला तरी खाली.

चढाईचा अंदाज कसा करायचा? स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला, तो जगभर आजही वापरतात. सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर उंचीसाठी एक तास जास्त मिळवा. पण हा हिशेब तंदुरुस्त, सराव असलेल्या माणसाचा आहे, आणि त्यात विश्रांती, जेवण, गर्दी धरलेली नाही. बारीपासून माथ्यापर्यंत सुमारे साडेआठशे मीटर उंची चढायची असते. नुसत्या उंचीचाच जवळजवळ दीड तास होतो. चालणे त्यावर, शिड्यांवरची रांग त्यावर, आणि घरातल्या सर्वांत हळू माणसाची चाल त्याहून वर. आम्ही पाच तास धरले. सात ते बारा.

हिशेब सर्वांत हळू माणसाचाच धरावा लागतो. पहिल्या खेपेला आम्ही भाच्याच्या चालीवर वेळ ठरवली होती. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि बकरीसारखा चढत होता.

कोणता महिना

सह्याद्रीत अशा चढाईला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. हवा थंड असते, वाट कोरडी असते, आणि लांबवर दिसते. तोटा एकच, दिवस लहान असतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण दगड निसरडे होतात, धुके उतरते आणि सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर गर्दी होते. मार्चनंतर ऊन तापते, आणि या वाटेवर सावली थोडी आहे. जूनच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो. उघड्या सोंडेवर, लोखंडी शिडीवर असताना वीज कडाडली तर लपायला जागा नाही. ढग जमायला लागले की वेळापत्रक बाजूला ठेवून ताबडतोब खाली उतरावे. नवरात्रात माथ्यावरच्या देवीची यात्रा असते, भाविकांची दाटी असते. त्या दिवसांत आपण सहलीची गर्दी वाढवू नये.

सात मजले, चाळीस वेळा

एक मजला तीन मीटरचा धरला तर साडेआठशे मीटर म्हणजे दोनशे ऐंशीहून अधिक मजले. आमची इमारत सात मजल्यांची आहे. म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत चाळीस वेळा. हा आकडा भाच्याने काढला आणि घरात सगळे गप्प झाले.

आठ आठवडे हातात होते. अब्बांनी आधी डॉक्टरांना दाखवले. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, पण दोन गोष्टी बजावल्या : गोळ्या आणि जेवण चुकवायचे नाही, आणि खिशात साखर ठेवायची. मग फजरच्या नमाजीनंतर अब्बा मशिदीतून परतताना लिफ्टऐवजी जिना घेऊ लागले. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग चार, मग सहा. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन दहा.

सुरुवातीला ते जिन्याने चढायचे आणि लिफ्टने उतरायचे. अम्मीने हे पाहिले आणि विचारले, ‘डोंगरावर लिफ्ट आहे का?’ तिचा मुद्दा बरोबर होता. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाता जाता शरीराचा भार पेलतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुखणे येते ते चढण्यापेक्षा उतरण्यामुळे जास्त. सरावात उतरणे नसेल तर डोंगरावर पाय थरथरायला लागतात, आणि माणूस घसरतो तो तेव्हाच. अब्बांची लिफ्ट बंद झाली.

बूटही त्या आठवड्यांतच वापरून मऊ केले. नवे कोरे बूट घालून डोंगरावर जाणे म्हणजे फोडांना आमंत्रण. तळव्याला खोल खाचा असलेले बूट हवेत. चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट दोन्ही नकोत.

पाठीवर काय

पाणी माणशी तीन लिटर. वाटेत सुट्टीच्या दिवशी गावकरी लिंबू सरबत, काकडी विकायला बसतात, आणि ते जरूर घ्यावे, त्यांच्या कष्टाची कमाई आहे. पण त्यांच्या भरवशावर बाटली रिकामी नेऊ नये. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. तिचे पाणी गाळून, उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये असे आम्ही ठरवले होते. नुसत्या पाण्याबरोबर क्षार-साखरेच्या पुड्या घ्याव्यात.

खाण्यात खजूर, चणे-गूळ, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेली अंडी आणि चपाती-बटाट्याची सुकी भाजी. बिर्याणीचा डबा धाकटीने सुचवला होता. तो नामंजूर झाला. जड जेवण करून चढता येत नाही, उतरता तर मुळीच येत नाही. दर तासाला थोडे खायचे, भूक लागायची वाट पाहायची नाही. साखरेचा आजार असलेल्यांनी तर हे घड्याळ लावून करावे.

प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची बॅटरी, दिवसाची चढाई असली तरी. पट्टी, मलम, गुडघ्याचा पट्टा, शिट्टी, एक जादा स्वेटर. मोबाईल चालू असला तरी डोंगरावर रेंज कधी मिळते, कधी नाही. १०८ नंबरची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येऊ शकते. रस्त्यापर्यंत माणसाला आणायचे काम गावकऱ्यांच्या खांद्यावरच असते. म्हणून गावातल्या कोणाशी तरी आधी ओळख हवी.

कपड्यांबद्दल बहिणींसाठी दोन शब्द. शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात, आणि पायघोळ कपड्याचा काठ पुढच्या पायाखाली आला तर तोल जातो. आपा नेहमी बुरखा वापरते. तिने या दिवसासाठी गुडघ्याखाली वीतभरच येणारा, बाजूंना चिरा असलेला सैल अबाया शिवून घेतला, खाली सैल पायजमा, आणि डोक्याला पिना लावून आत खोचलेला स्कार्फ. उडणारा दुपट्टा नको. पर्दाही राहिला आणि पायही मोकळे राहिले. शिवून झाल्यावर तिने तो घालून जिन्याच्या दहा फेऱ्या केल्या आणि एक चिर आणखी चार बोटे वाढवली.

नमाजची सोय

दिवसभराच्या चढाईत नमाज कुठे आणि कशी, हे आधी ठरवले तर धावपळ होत नाही. फजर मुक्कामाच्या घरीच होते. डिसेंबरात जोहर साडेबारानंतर लागते, म्हणजे परतीच्या वाटेवर. वुजूसाठी माणशी अर्धा लिटर पाणी वेगळ्या बाटलीत ठेवले होते, पिण्याच्या पाण्यात ते मिसळायचे नाही. कल्याणहून बारी शंभर किलोमीटरहून जास्त, त्यामुळे आम्ही मुसाफिर होतो आणि कसर केली. आमचे घर कोकणी, शाफई; आम्ही जोहर आणि असर एकत्र अदा केल्या. दुल्हाभाई हनफी, त्यांनी जोहर आमच्याबरोबर घेतली आणि असरची वेळ झाल्यावर वाटेत वेगळी अदा केली. पाणी कमी पडले तर काय, मोज्यांवर मसह चालतो का, असे प्रश्न निघण्यापूर्वीच आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत. जागा निवडताना वाट अडणार नाही, मागे उतार नसेल आणि वरून दगड येणार नाही, एवढे पाहावे.

तो रविवार

शनिवारी दुपारी क्रूझर गाडी करून निघालो आणि संध्याकाळी बारीला पोहोचलो. एका गावकऱ्याच्या घरी मुक्कामाचे आधीच फोनवर ठरले होते. रात्री पिठले, भाकरी आणि ठेचा. घरच्या आजीबाईंनी कळसूची गोष्ट सांगितली : कळसू नावाची मुलगी होती, ती कामाला राहिली ती काही कामे करणार नाही या अटीवर, एकदा तिला तेच काम सांगितले, तर ती डोंगरावर निघून गेली ती तिथेच राहिली. अम्मी ऐकत होती. म्हणाली, ‘अट मोडली की असंच होतं.’ आणि अब्बांकडे पाहिले.

सकाळी फजरनंतर चहा, पोहे, अब्बांची गोळी. सातला पाच मिनिटे असताना निघालो. अब्बा, आपा, दुल्हाभाई, मधला भाऊ, धाकटी आणि भाचा, सहा जण. अम्मी दारात उभी होती, हातात कागद. त्यावर शेवटची ओळ तिच्या अक्षरात होती : ‘५.०० पर्यंत आले नाहीत तर माणसे पाठवणे.’

शेतांतून वाट ओढ्याकडे जाते आणि मग चढ लागतो. थंडी बोचत होती, पण अर्ध्या तासात स्वेटर पिशवीत गेले. अब्बांची चाल एकसारखी होती. पहिल्या गिअरमध्ये, ते म्हणाले. पहिल्या शिडीपाशी गर्दी नव्हती. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तीन टेकू कायम, म्हणजे दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात लोखंडावर असलेच पाहिजेत, हे सगळ्यांना घोकून घेतले होते.

दुसरी शिडी दहाला गाठायची होती. गाठली साडेदहाला. अब्बांची साखर मोजली, ठीक होती, पण चेहरा ओढलेला होता. इथे कागदावर लिहिले होते की उशीर झाला असेल तर दोन गट करावेत, तिघांहून कमी माणसांचा गट नको. मधला भाऊ, धाकटी आणि भाचा पुढे निघाले. अब्बांबरोबर आपा आणि दुल्हाभाई राहिले.

पुढचे तिघे पावणेबाराच्या आधीच माथ्यावर होते. माथा लहानसा, सपाट. मधोमध कळसूबाईचे छोटे देऊळ. दर्शनाला आलेल्या लोकांची रांग होती. त्यांच्या वाटेत न येता आम्ही कडेच्या मोकळ्या जागेत बसलो. त्या दिवशी धुके नव्हते. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही गड एका ओळीत. दक्षिणेकडे रतनगड, ज्याच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते, आणि तिच्यावरच्या विल्सन धरणाचा भंडारदरा जलाशय खाली आरशासारखा पडलेला. हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याहून दूर हरिश्चंद्रगडाचा डोंगर. सुब्हानअल्लाह म्हणण्यापलीकडे बोलायला काही नव्हते. दहा मिनिटांत उठलो.

बाराला पाच मिनिटे कमी असताना शेवटची शिडी उतरून विहिरीपाशी आलो, तर अब्बा तिथे बसलेले. नुकतेच पोहोचले होते. त्यांच्या डोक्यावर शेवटची शिडी आणि तिच्यावर माथा, इतका जवळ की वरच्या लोकांचे बोलणे ऐकू येत होते.

भाचा म्हणाला, ‘नाना, फक्त वीस मिनिटं! मी हात धरतो तुमचा.’

खरे सांगायचे तर आम्हा सगळ्यांच्याच मनात तेच होते. दोन महिने जिने चढलेले अब्बा. धुके नाही. पुन्हा कधी जमेल, अल्लाह जाणे. ‘अब्बा, आज एवढं चालतं,’ असे आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघूनही गेले.

अब्बांनी घड्याळ पाहिले. बोटांवर मोजले. ‘वीस मिनिटं वर. वर गेलो की दहा मिनिटं बसणारच. वीस मिनिटं परत इथवर. पन्नास झाली.’ मग विहिरीच्या कठड्याला हात टेकून उठले. ‘गाडी सुटायची वेळ झाली,’ म्हणाले, आणि खालच्या वाटेला लागले. बारा वाजले होते.

ती पन्नास मिनिटे

पहिला तास चांगला गेला. एका सपाट जागी जोहर आणि जेवण झाले. त्यानंतर अब्बांचा उजवा गुडघा बोलायला लागला. पट्टा बांधला, काठी दिली, पिशवी दुल्हाभाईंनी घेतली. दर पंधरा मिनिटांनी बसावे लागत होते. मधल्या शिडीवर त्यांच्या पोटरीत पेटका आला आणि खाली उतरल्यावर वीस मिनिटे पाय चोळत बसलो. चारला गावात पोहोचायचे होते; चार वाजता आम्ही शेतांच्याही वरच होतो.

गावात पाऊल टाकले तेव्हा चार चाळीस झाले होते. घराच्या ओट्यावर अम्मी कागद घेऊन बसलेली. तिच्या शेजारी घरमालक आणि आणखी दोन तरुण, पायांत बूट, हातांत बॅटऱ्या. तिने पाचची वाट न पाहता साडेचारलाच त्यांना बोलावून ठेवले होते. कोणी काही बोलले नाही. अम्मीने अब्बांना पाणी दिले आणि कागदावर पेन्सिलने लिहिले : ‘४.४०’.

नंतर आम्ही हिशेब केला. त्या पन्नास मिनिटांनी गावात यायला साडेपाच झाले असते. आणि गुडघा वरच्या वीस मिनिटांत आणखी दुखावला असता तर शेवटचा दगडाळ उतार पुन्हा अंधारातच आला असता, तोच, जिथे अम्मीचे मनगट मोडले होते. विहिरीपाशी बसलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नसते. तिथे दिसतो तो फक्त माथा. म्हणून वेळ तिथे ठरवायची नसते.

तुमच्या कागदावर

डोंगर कोणताही असो, कळसूबाई, साल्हेर किंवा तोरणा, निघण्यापूर्वी घरात बसून एवढे लिहून काढा.

सूर्यास्त किती वाजता, आणि त्याआधी दोन तास राखून गावात किती वाजता पोहोचायचे.

सर्वांत हळू माणसाला उतरायला किती वेळ लागेल, आणि त्यावरून परत फिरायची वेळ. तिच्याभोवती लाल वर्तुळ.

मध्ये एक तपासणीची जागा आणि वेळ. तिथे उशीर झाला असेल तर कोण पुढे जाणार, कोण थांबणार.

कोणाला कोणता आजार, कोणते औषध, ते कोणाच्या पिशवीत.

खाली थांबणारा माणूस कोण, आणि किती वाजता त्याने मदत मागायची.

आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात.

पुढची खेप

अब्बांनी माथा पाहिला नाही असे आम्ही म्हणालो की ते दुरुस्त करतात. पहिल्या खेपेला पाहिला, ते म्हणतात, दिसला नाही एवढेच. गेल्या महिन्यात त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून जेवणाच्या टेबलावर मांडला आणि चष्मा लावून बसले. १२.०० ला त्यांनी हात लावला नाही. वरच्या ओळीतले ७.०० खोडले आणि तिथे ५.३० लिहिले. ‘पहिला तास बॅटरीवर. शेतातली वाट सपाट आहे, चालेल. फजर पहिल्या चढापाशी.’

अम्मीने कागद हातात घेतला, वाचला, आणि पेन मागितले. खाली थांबणाऱ्या माणसाच्या नावापुढे तिचे नाव होते. ते तिने खोडले.

‘इन्शाअल्लाह, या वेळी विहिरीपर्यंत मी येते,’ ती म्हणाली. ‘खाली दुसरं कोणीतरी बसवा.’